अग्नीचा कलश आणि वाकडा ठिपका

एका राज्यात चूल पेटत नसे. गारगोटीवर गारगोटी घासली की ठिणगी पडे, पण जमिनीला टेकण्याआधीच विझून जाई. लोक भिजवलेले हरभरे खात, कच्ची कंदमुळे खात, आणि म्हातारी माणसे नातवंडांना गरम भाकरीच्या वासाचे वर्णन करून सांगत. नातवंडांना त्या साऱ्या थापा वाटत.

हे काम कालकंटक मांत्रिकाचे. राजा धैर्यसेनाने दरबारात त्याला पहिला मान दिला नाही, एवढ्यावरून स्वारी रुसली. त्याने राज्यातला सगळा अग्नी एका तांब्याच्या कलशात कोंडला आणि कलश नगराबाहेरच्या मैदानाखाली सोडून दिला. मैदानाच्या एका कोपऱ्यात काळा धोंडा होता. तिथून निघून कलश जमिनीखालून चालू लागला. मैदान संपले की तो पुन्हा धोंड्यापाशी येई आणि नवी फेरी धरी.

मांत्रिक म्हणाला, "तीनदा खणा. कुदळ चुकीच्या जागी पडली तर खणणारा दगड होईल. तिसरी चुकली तर अग्नी कायमचा माझा."

त्या मैदानात एक टिटवी राहत असे. तिला जमिनीखालचे दिसे. रोज पहाटे ती दोन आकडे ओरडून सांगे, रात्री कलश कुठे होता त्याचे. धोंड्यापासून किती कासरे पूर्वेला आणि किती कासरे उत्तरेला. कासरा म्हणजे बैलाचा दोर. त्या राज्यात जमीन कासऱ्याने मोजत.

राजा शूर होता, पण घाईचा. उत्तर ही राजाची दिशा, म्हणून त्या राज्यात सगळे काही उत्तरेपासून मोजायची रीत होती. टिटवी "पाच, दोन" म्हणाली. राजा पाच कासरे उत्तरेला गेला, दोन पूर्वेला गेला आणि त्याने कुदळ मारली. तो जागच्या जागी दगड झाला.

मग सेनापती रणोजी पुढे झाला. त्याने टिटवीला आधी विचारून घेतले, "पहिला आकडा कुठला?"

टिटवी म्हणाली, "आधी आडवे, पूर्वेचे. मग उभे, उत्तरेचे. राजाने विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही."

सेनापतीने नेमक्या जागी खणले. खड्ड्यात ऊन राख होती, कलश मात्र नव्हता. टिटवी ओरडते त्याच घटकेला कलश पुढच्या जागी सरकतो आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत तिथे राहतो, हे त्याला कळले तेव्हा तो गुडघ्यापर्यंत दगड झालेला होता. तेवढे राणीला सांगून तो पुरता दगड झाला.

आता एकच कुदळ उरली. ती राणी मृगावतीने आपल्या महालात टांगून ठेवली. नवरा मैदानात दगड होऊन उभा, प्रजा थंडीने काकडलेली, आणि हातात एक संधी. कलश काल कुठे होता हे कळून उपयोग नव्हता. आज कुठे आहे हे कळायला हवे होते. दरबारी मंडळी रोज पहाटेचे आकडे ऐकत, त्यावर संध्याकाळपर्यंत भांडत, आणि दुसऱ्या दिवशी विसरून जात. भरलेल्या पाटीवर काय लिहिणार? राणीने दरबाराला रजा दिली आणि नगरातली पोरे बोलावली.

तिने महालाच्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी घातली. एक ठिपका म्हणजे एक कासरा. एका कोपऱ्यात काळा खडा ठेवला, तो धोंडा. पोरांच्या तिने दोन रांगा केल्या. एक रांग आडव्या आकड्यांची, दुसरी उभ्या. टिटवी ओरडली की आडव्या रांगेतला एक आपला आकडा म्हणे, उभ्या रांगेतला एक आपला म्हणे, आणि दोघे एकमेकांचा हात धरून अंगणात चालत. आधी आडवे, मग उभे. जिथे थांबत तिथे लाल रांगोळीची चिमूट.

पहिल्या दिवशी गुरवाचा भिवा आधी वरच गेला.

राणी म्हणाली, "भिवा, असेच गेलेले एक गृहस्थ मैदानात दगड होऊन उभे आहेत. मी त्यांच्याशी लग्न केले आहे."

पुन्हा कुणी चुकले नाही.

पहिल्या फेरीत आडवी रांग एक-एकने वाढली, उभी दोन-दोनने. लाल ठिपके शिडी लावल्यासारखे उंच चढले. दुसऱ्या फेरीत आडवी दोन-दोनने, उभी एक-एकने. ठिपके आळशी निघाले, लोळत लोळत गेले. तिसऱ्या फेरीत दोन्ही रांगा बरोबरीने वाढल्या, आणि ठिपक्यांनी अंगण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापले. राणीने प्रत्येक वेळी खड्यापासून सुतळी ताणून धरली. प्रत्येक ठिपका सुतळीखाली होता.

सेनापतीची लेक येसू सुतळीकडे बघत बसली होती. वय नऊ वर्षे, बोलणे मोजके. ती म्हणाली, "राणीसाहेब, कलश दर फेरीला चाल बदलतो. पण एकदा धरलेली चाल फेरी संपेपर्यंत सोडत नाही."

राणीने ऐकले आणि तिला भरून आले. एवढे मोठे प्रधानमंडळ वर्षभर बसून जे बोलले नाही, ते हे पोर सुतळीकडे पाहून बोलले. सांगायला मलाही अभिमान वाटतो, आणि माझे तर त्या राज्यात कुणी नाही.

चौथी फेरी सुरू झाली. टिटवी म्हणाली, "दोन, तीन." दुसऱ्या पहाटे, "चार, सहा." तिसऱ्या पहाटे, "सहा, नऊ." पोरे नाचू लागली. राणी मात्र थांबली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, आणि त्या राज्यात तर दूध तापतही नव्हते. तिने आणखी एका ठिपक्याची वाट पाहिली.

चौथ्या पहाटे टिटवी ओरडली, "आठ, अकरा."

पोरांनी ठिपका मांडला. तेवढ्यात कालकंटक अंगणात उभा राहिला. तो दारातून आला नाही. पोरांच्या रांगोळीची खबर त्याच्या कानावर गेली होती.

"राणी," तो म्हणाला, "आज सूर्यास्ताच्या आत खण. नाहीतर कलश समुद्रात सोडतो. पोरांच्या खेळावर राज्य लावतेस, तर लाव."

"पोरे माझी आहेत," राणी म्हणाली. "आणि हा खेळ नाही."

तिने कुदळ उतरवली. आठात दोन मिळवले, दहा. अकरात तीन मिळवले, चौदा. "दहा आडवे, चौदा उभे," ती म्हणाली आणि निघाली.

येसू वाटेत आडवी उभी राहिली. "राणीसाहेब, ठिपका वाकडा आहे."

"कुठला?"

"आजचा. सुतळी लावून बघा."

राणीने सुतळी ताणली. तीन ठिपके सुतळीखाली होते. चौथा खाली घसरून एकटा पडला होता.

"उभी रांग तीन, सहा, नऊ अशी आली," येसू म्हणाली. "मग बाराच हवेत. टिटवी अकरा म्हणाली."

"टिटवी आजवर एकदाही खोटे बोललेली नाही."

"आणि कलशाने आजवर एकदाही चाल मोडलेली नाही. दोघांपैकी एक आज चुकले. आणि राणीसाहेब, कलशाला कुणी धमकावू शकत नाही."

मांत्रिक हसला. "नऊ वर्षांची पोर तुला शिकवते?"

एका बाजूला तिचे स्वतःचे गणित होते, दुसऱ्या बाजूला तिनेच शिकवलेल्या पोरीचे. चुकले असते तर दगड तीच होणार होती, आणि राजाही दगडच राहणार होता. तिने पुन्हा एकदा सुतळीकडे पाहिले. मग म्हणाली, "शिकवते. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात, ही तर माणसाची लेक आहे. येसू, जागा तू दाखव. कुदळ मी मारीन."

सारे मैदानात गेले. येसूने कासऱ्याने मोजले, दहा पूर्वेला, पंधरा उत्तरेला. मांत्रिकाचे हसू पंधराव्या कासऱ्याला थांबले.

राणीने कुदळ मारली. तांबे वाजले. कलश फुटला आणि अग्नी आपापल्या घरी परतला, प्रत्येक चुलीला तिचा तिचा. टिटवीच्या गळ्यातली काळी गाठ जळून पडली. बाराऐवजी अकरा वदवून घ्यायला ती गाठ मांत्रिकाने त्याच पहाटे आवळली होती. कालकंटक उभ्या जागी दगड झाला. नंतर त्या दगडाला लोक बैल बांधत.

राजा धैर्यसेन हलला. त्याने हातातली कुदळ खाली ठेवली आणि राणीकडे पाहिले. "तुम्ही शोधलात?"

"नाही, महाराज," राणी म्हणाली, आणि इतक्या अभिमानाने आपली चूक आजवर कुणी सांगितली नसेल. "मी दहा, चौदा म्हणत होते. माझे ऐकले असते तर आपण शेजारी शेजारी दगड झालो असतो. पंधरा रणोजींच्या लेकीने सांगितले. मी तिला ठिपके मांडायला शिकवले होते. ठिपका वाकडा आहे हे सांगायला ती आपण होऊन शिकली."

सेनापती रणोजी अजून अंगावरची धूळ झटकत होता. तो लेकीपुढे येऊन मातीत बसला. "येसू, मी कुठे चुकलो ते मला मांडून दाखव."

"आबा, तुम्ही चुकला नव्हतात. फक्त एक ठिपका मागे राहिलात."

"तरी दाखव."

तिने काडीने मातीत ठिपके काढले, आधी आडवे, मग उभे. रणोजीने शत्रूपुढे कधी मान लववली नव्हती, राजापुढेही ताठ उभा राही. त्या दिवशी त्याने मान खाली घातली आणि लेकीचा एकेक ठिपका नीट पाहिला. राजाही त्याच्या शेजारी येऊन बसला.

ही अनेक ठिपक्यांची कहाणी, एका रेघेत सुफळ झाली.