मधाच्या बरणीवरची चिठ्ठी

पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध वैद्य आश्रम करून राहत असत. तिथली सकाळ धुक्यातून सावकाश उजाडे आणि वाळत घातलेल्या मुळ्यांचा वास दिवसभर अंगणात रेंगाळे. त्यांच्याकडे बारा वर्षांची एक मुलगी शिकत होती. पोथी उघडली की तिच्या डोळ्यांपुढे अक्षरे पाण्यातल्या सावल्यांसारखी हलू लागत; एक ओळ लावता लावता बिचारीला घाम फुटे. गावच्या शाळेत तिला ‘मठ्ठ’ म्हणत. आश्रमात तसे कोणी म्हणत नसे, पण नाव विचारले की तीच हसून सांगे, “मी ती मठ्ठ.” ते हसू वैद्यांच्या नजरेतून सुटत नसे.

एके दिवशी सर्वांसमोर वाचताना ती अडखळली आणि पोथी मिटून उठली. आत जाऊन तिने गाठोडे बांधले व निरोप घ्यायला वैद्यांपुढे उभी राहिली.

वैद्यांनी तिला अडवले नाही. जाण्यापूर्वी एवढे काम कर, म्हणाले. मधाच्या बरणीवर त्यांनी तिला ‘कडू’ अशी चिठ्ठी बांधायला लावली आणि मुंग्या लागू नयेत म्हणून बरणीखालच्या परातीत ठेवलेले पाणी ओतून टाकायला सांगितले. कडू वस्तूला कुठे मुंग्या लागतात, असेही वर विचारले. म्हातारपणी गुरुजींना चळ लागला की काय, असे तिला वाटले. पण तिने सांगितले तसे केले.

दुपार कलली. झोपाळू उन्हात ती गाठोडे मांडीवर घेऊन बसून राहिली. भिंतीवरून मुंग्यांची बारीक रेघ उतरली आणि चिठ्ठीवरून चालत थेट बरणीच्या तोंडाशी गेली.

“मुंग्यांना वाचता येत नाही वाटतं,” वैद्य शेजारी टेकत म्हणाले.

तिला हसू फुटले. “आत मध आहे, गुरुजी. चिठ्ठी खोटी आहे.”

“आणि तुझी?” त्यांनी हळूच विचारले. “ती गावानं बांधली, खरं आहे. पण रोज तिची गाठ घट्ट कोण करतं? बाळ, अक्षरं तुला छळतात. उद्याही छळतील, मी खोटा धीर देणार नाही. आपण दोघं मिळून वाट काढू. पण चिठ्ठी लावायचीच तर खरी लाव. ‘वाचायला वेळ लागतो’, एवढंच लिही. ‘मठ्ठ’ लिहिलंस तर आत काय आहे ते कोणी उघडून बघणार नाही. तूसुद्धा नाही.”

ती बराच वेळ रडली. मग तिने ती चिठ्ठी सोडली, परातीत पाणी घातले आणि गाठोडे आत नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी औषधाचा कागद घेऊन आली. तुझे नाव काय गं, आणि एवढे वाचून दाखवशील का, असे तिने विचारले. मुलीने कागद हातात घेतला.

“मी केतकी,” ती म्हणाली. “वाचायला मला वेळ लागतो, आजी. बसा जरा.” आणि अक्षराखाली बोट धरून ती वाचू लागली.

आपल्या घरातले मूल स्वतःची ओळख कशी करून देते, ते एकदा कान देऊन ऐकावे.