मारुतीजवळच्या विहिरीचा अहवाल

कोळसा खाण वाढवायला पिंपळखुटीच्या ग्रामसभेचा होकार हवा होता. खाणीच्या साहेबांनी टेबलावर जाडजूड अहवाल आपटला. "नाल्याचं पाणी स्वच्छ आणि मारुतीजवळच्या विहिरीचं तर अमृत! गेल्याच महिन्यात तपासलंय. अडाण्यांनी उगाच बोंबलू नये."

गिरजाबाई टेकाम उठल्या. "विहिरीतलं पाणी तुमच्यासमोर काढलं का, साहेब?"

"माझ्या डोळ्यांसमोर!"

"मग चला जी, जागा दाखवा. खाण खोल गेल्यापासून त्या विहिरीत दोन वर्षं टिपूस नाही. तुम्हाला अमृत लागलं तरी कुठं? आम्ही घागरी घेऊनच येतो."

सभा खो खो हसली. साहेब टेबलावरचा अहवाल आवरू लागले. सरपंचांनी आधीच लिहून ठेवलेला होकाराचा ठराव फाडला. गावातलं पाणी पुन्हा, सगळ्यांदेखत तपासायचं ठरलं. या खेपेला नमुन्याच्या बाटल्या गिरजाबाईंनी स्वतः भरल्या.