सुभेदारांचा बंडू आणि नारबा

बोरवडीत एक भोळा माणूस राहत होता. नाव नारबा. भोळा म्हणजे किती, तर "जरा थांब, आलोच" असं सांगून गेलेले तलाठी बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात रुजू झाले, तरी हा चावडीपुढे उभाच. शेवटी आई येऊन त्याला जेवायला घेऊन गेली. पण अंगानं दणकट होता, कामाला वाघ होता, आणि खोटं बोलणं त्याला जमतच नसे. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती.

त्याच गावात फौजेतून निवृत्त झालेले दौलतराव सुभेदार राहत. त्यांची मुलगी शेवंता. नारबाला शेवंता आवडायची आणि शेवंतालाही नारबा आवडायचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त सुभेदारांना ते पटत नव्हतं.

सुभेदारांकडे एक कुत्रा होता, पग जातीचा. नाक असून नसल्यासारखं. तोंडभर सुरकुत्या. डोळे बटाट्याएवढे, बाहेर आलेले. झोपला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायचा. गावात नवा आलेला पाहुणा त्याला बघून हटकून विचारायचा, "कशावर आपटला हो बिचारा?" नाव त्याचं बंडू. सुभेदारांचा त्याच्यावर भारी जीव.

सुभेदार डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघाले. शेवंता सोबत जाणार होती. त्यांनी नारबाला बोलावलं आणि बंडूची साखळी त्याच्या हातात दिली.

"मी येईपर्यंत याला सांभाळ. हा धडधाकट दिसला तर लग्नाचं बोलू. नाही दिसला, तर पुन्हा माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

"जी. करायचं काय काय?"

"याच्या सुरकुत्यांत खरकटं राहतं. मग वास मारतो. जेवण झालं की ओलं फडकं घ्यायचं, सुरकुती उलगडायची नि पुसायची. कुरकुरेल, तोंड फिरवेल. सोडायचं नाही."

"नाही सोडत," नारबा म्हणाला. सुभेदारांच्या मागं उभी असलेली शेवंता हळूच म्हणाली, "नीट ऐकलंत ना?" नारबानं मान डोलावली. नीटच ऐकलं होतं.

बंडूच्या सुरकुत्या त्यानं इतक्या मन लावून पुसल्या की बंडूचं तोंड चकाकायला लागलं.

मग एके दिवशी गावात सत्यनारायण झाला. जेवणाच्या पंगतीत हरिभाऊ अण्णा बसले होते. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस. अण्णांनी शिऱ्यावर ताव मारला, ढेकर दिला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. नारबानं बघितलं. तोंडभर सुरकुत्या. हनुवटीपाशी शिरा. तो ओलं फडकं घेऊन आला, अण्णांचं डोकं काखेत धरलं आणि गालाची सुरकुती उलगडून पुसायला लागला.

"अरे सोड! कोण आहे रे?"

"कुरकुरू नका अण्णा. वास मारेल."

अण्णांनी तोंड फिरवलं. नारबानं सोडलं नाही. दोन्ही गाल, कपाळ आणि मानेखालचं सगळं झाल्यावरच सोडलं.

आईनं घरी नेऊन झापलं. "अरे बाबा, थोरामोठ्यांच्या तोंडाला कुणी हात लावतं का? पांढरे केस दिसले की वाकावं. पाय धरावेत. आशीर्वाद मिळेपर्यंत पाय सोडू नयेत."

"बरं. आता तसंच करीन."

चार दिवसांनी बंडूचे डोळे लाल झाले. डोळा गेला तर शेवंता गेली. त्यानं बंडूला उचललं आणि तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात धाव घेतली. डॉक्टरांनी औषधाची बाटली उघडली.

"तोंड घट्ट धरा. डोळ्यांत थेंब घालायचेत."

नारबानं बंडूकडे बघितलं. हनुवटीवरचे केस पांढरे झाले होते.

"तोंडाला हात लावता येत नाही, साहेब. वडीलधारे आहेत," असं म्हणून तो वाकला आणि त्यानं बंडूचे पुढचे दोन्ही पाय धरले.

तोंड मोकळं. बंडूनं मान झटकली. औषध डॉक्टरांच्या डोळ्यात गेलं.

"सोडा ते पाय!"

"अजून आशीर्वाद नाही दिला."

बंडूनं त्याचं कपाळ चाटलं, तेव्हा कुठं त्यानं पाय सोडले. डॉक्टरांनी आपला डोळा धुतला, बंडूच्या डोळ्यांत औषध स्वतःच घातलं आणि म्हणाले, "आता मी सांगतो तेवढंच ऐका. आखूड नाकाचं जनावर आहे. याला हवा पुरत नाही. उन्हात घेऊन आलात, बघा किती धापा टाकतोय. धाप लागलेली दिसली की असाल तिथून पळत जायचं, पाण्यानं भिजवायचं आणि उचलून सावलीत न्यायचं. उशीर केलात तर जीव जाईल."

"नाही करणार उशीर," नारबा म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात गावची जत्रा आली. कुस्त्यांचा फड भरला. शेवटची कुस्ती चांदीच्या गदेची. बोरवडीचा भैरू पैलवान शेजारच्या गावच्या पैलवानाच्या छातीवर बसला होता. खालच्याचा एक खांदा टेकला होता, दुसरा टेकत होता. सगळं गाव श्वास रोखून उभं. फक्त भैरू तेवढा धापा टाकत होता.

नारबानं पाण्याची घागर उचलली आणि तो फडात घुसला. घागर भैरूच्या डोक्यावर रिकामी केली. लाल मातीचा चिखल झाला. मग भैरूला काखेत हात घालून उचललं आणि पिंपळाखाली नेऊन बसवलं.

"भैरूदादा, वाचलास!"

गदा शेजारच्या गावानं नेली. भैरूला चार माणसांनी धरून ठेवलं, म्हणून नारबाही वाचला. तालमीच्या वस्तादांनी त्याचा कान पिळला.

"गाढवा, कुणी जोर लावत असला की मधे पडायचं नसतं. लांब उभं राहायचं. टाळ्या वाजवायच्या. 'वा रे पठ्ठ्या' म्हणायचं. कळलं?"

"कळलं, वस्ताद. चुकलो."

इकडे आईच्या हातची दूधभाकरी खाऊन बंडू वाटोळा झाला होता. एकदा मोरीच्या भोकातून मांजर पळालं. त्याच्या मागं बंडू घुसला. डोकं बाहेर गेलं, पुढचे पाय गेले, पोट अडकलं. आतमध्ये नुसतं शेपटाचं वेटोळं आणि मागचे दोन पाय. पाय जोर लावत होते.

नारबा लांब उभा राहिला.

"वा रे पठ्ठ्या!"

बंडू कण्हला. नारबानं टाळ्या वाजवल्या. बंडू आणखी कण्हला, नारबानं आणखी वाजवल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाहेरच्या बाजूला धाप ऐकू येत होती, आणि धाप म्हटलं की जीव जातो, हेही त्याला आठवत होतं. पण मधे पडायचं नव्हतं.

टाळ्या ऐकून आई परड्यातून धावत आली. तिनं तेलाची बरणी उचलली, बंडूच्या पोटाभोवती हात फिरवून तेल लावलं आणि मागचे पाय धरून त्याला आत ओढलं.

"टाळ्या काय वाजवतोस, मेल्या! मुका जीव तो. सुभेदारांना काय तोंड दाखवणार होतास? कुणी अडकलेलं दिसलं की तेल लावावं आणि सोडवावं. विचारत बसू नये!"

"नाही विचारत," नारबा म्हणाला. आणि बंडूला पोटाशी धरून खूप वेळ बसला.

सुभेदार परत आले. नव्या डोळ्यांनी त्यांनी बंडूला न्याहाळलं. डोळे निर्मळ, सुरकुत्या कोरड्या, अंगावर तेलाची तकाकी. बंडू जुन्या मालकाकडे गेला, त्याला हुंगलं आणि परत येऊन नारबाच्या पायावर बसला.

"जनावराला माणूस कळतो," सुभेदार खाकरून म्हणाले. शेवंतानं तोंडाला पदर लावला. लग्न ठरलं.

मांडव पडला. सगळं गाव आलं. अण्णा लांब बसले, भैरू त्याहून लांब. मंगलाष्टकं झाली, हार घातले. आईनं नारबाला बजावलं होतं, "आज तू काही करायचं नाहीस. नुसतं उभं राहायचं." आणि नारबा खरोखर नुसता उभा होता. आईनं देवाचे आभार मानले.

सप्तपदीची वेळ आली. भटजींनी नारबाच्या उपरण्याचं टोक घेतलं, शेवंताच्या शेल्याचं टोक घेतलं आणि पक्की गाठ मारली.

शेवंतानं पाऊल उचललं. शेला ताणला गेला. ती थांबली आणि तिनं मागं वळून बघितलं.

नारबाचा चेहरा बदलला. त्यानं समई उचलली, तिच्यातलं सगळं तेल गाठीवर ओतलं, दोन्ही हातांनी ती चोळली आणि ओढली. गाठ सुळकन सुटली.

"सासरेबुवा, घाबरू नका!" तो ओरडला. "तुमची मुलगी माझ्यात अडकली होती. सोडवली! शेवंता, मोकळी झालीस. जा घरी!"

भटजी मटकन खाली बसले. सुभेदार उभे राहिले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. भटजींनी उठून पुन्हा गाठ मारली, ती सुटली. आणखी एकदा मारली, तीही घसरली. तेलात काही बसेना. सुभेदार म्हणाले, "राहू द्या भटजी. हे लग्न नको."

शेवंतानं बापाकडे बघितलं. मग वाकली, नारबाच्या उपरण्याचं तेलकट टोक उचललं, आपल्या शेल्याबरोबर मुठीत धरलं आणि मूठ घट्ट आवळली.

"चला," ती म्हणाली, आणि पहिलं पाऊल टाकलं.

नारबानं उपरणं ओढून बघितलं. सुटेना. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं. तरी सुटेना. त्याला दरदरून घाम फुटला.

"आई," तो मांडवभर ऐकू जाईल असा ओरडला, "बरणी आण! ही फारच वाईट अडकलीय!"