कमानीखालचे आश्वासन

त्या प्रदेशात पाणी आणि आकाश सर्वांचे होते. माती मात्र कोणी कोणत्या काठावरून उचलावी हे कारभारी ठरवत असे, आणि कारभारी दर पाच पावसाळ्यांनी निवडला जाई. निवडणुकीच्या दिवशी प्रत्येक पाखराने तळ्याकाठच्या दोन ढोल्यांपैकी एकीत एक बी टाकायची. ज्याच्या ढोलीत बिया जास्त, तो कारभारी.

चिमण्या आणि साळुंक्या तिथे संख्येने पुष्कळ होत्या. पाकोळ्या थोड्या होत्या. ओढ्यावरच्या जुन्या पुलाच्या दगडी कमानीखाली त्यांची वस्ती होती. ओल्या मातीचा गोळा चोचीतून आणायचा, दगडाला चिकटवायचा, आणि असे शेकडो गोळे लावून घरटे उभे करायचे, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. पूल बांधून झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी कमानीला पहिले घरटे लागले, असे म्हातारी पाखरे सांगत. तरीही ‘या मूळच्या कुठल्या?’ असे त्यांच्याबद्दल अधूनमधून विचारले जाई, आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असे.

मागच्या निवडणुकीत ससाणा कारभारी झाला. ज्यांचे झाड नाही त्यांनी तळ्याच्या उत्तरेच्या काठावरची माती उचलू नये, असा हुकूम त्याने काढला आणि काठावर टिटव्यांचा पहारा बसवला. उत्तरेची माती चिकट होती. दक्षिणेची वाळूमिश्रित. त्या वर्षी पाकोळ्यांनी वाळूमिश्रित मातीचीच घरटी बांधली. पावसाळ्याच्या तोंडी त्यांतली अकरा घरटी कमानीवरून सुटून ओढ्यात पडली. एक जैबुन नावाच्या पाकोळीचे होते. आत तिची दोन पिल्ले होती. जैबुन त्यानंतर महिनाभर कमानीत झोपायला येत नसे. पुलाच्या कठड्यावर बसून राही. मग परत आली आणि त्याच जागी दगड चोचीने साफ करू लागली.

पाच पावसाळे झाले. या वेळी ससाण्याच्या विरोधात धवलराव नावाचा बगळा उभा राहिला. त्याचे बोलणे मऊ होते आणि तो कुणाला वाईट म्हणत नसे. त्याच्या प्रचाराचे काम मंजुळाताई ही साळुंकी पाहत होती. कोणत्या झाडावर किती बिया आहेत, हे तिला तोंडपाठ होते.

तो पाकोळ्यांचा घरटी बांधण्याचा महिना होता. त्या महिन्यात त्या दिवसभर चोचीत अन्न घेत नसत. सूर्य बुडाला की सगळ्या मिळून पहिला घास घेत. अशाच एका संध्याकाळी धवलराव कमानीखाली आला आणि उथळ पाण्यात एका पायावर उभा राहिला. वस्तीतला वडीलधारा कादरचाचा पुढे झाला. रिवाजाप्रमाणे त्याने पाहुण्याच्या छातीला चोचीने ओल्या मातीचा ठिपका लावला. धवलरावाने मान झुकवून तो लावून घेतला, त्यांच्याबरोबर घास घेतला आणि म्हणाला, की अकरा घरट्यांचे त्याला कळले तेव्हा त्याला झोप आली नव्हती, आणि तो निवडून आला तर उत्तरेचा काठ सर्वांना खुला होईल.

कमानीत आनंदाची कुजबुज झाली. जैबुनने विचारले, की हेच पिंपळाखालच्या मोठ्या सभेत, चिमण्या-साळुंक्यांसमोरही सांगाल का.

“वेळ आली की सांगू,” धवलराव म्हणाला.

तो निघाल्यावर जैबुन थोडे अंतर ठेवून मागे उडत गेली. ओढ्याच्या वळणावर बगळा थांबला, छातीवरची माती नीट धुतली, पिसे सारखी केली आणि पिंपळाकडे गेला. जैबुनने हे कुणाला सांगितले नाही. तिला आणखी एक काम सुचले होते.

ती पिंगळ्याकडे गेली. बी टाकणाऱ्यांची यादी पिंगळा ठेवत असे आणि सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. यादीत पाकोळ्या पाहिल्या तर दोनशे निघाल्या. वस्तीत तीनशे चाळीस होत्या. जैबुनचे नावही नव्हते.

“यादी झाडावार असते,” पिंगळा म्हणाला. “तुमचं झाड कोणतं?”

“आम्ही कमानीत राहतो, भाऊसाहेब.”

“ते मला ठाऊक आहे. पण कमानीला झाड म्हणता येत नाही. ही दोनशे नावं आधीच्या भाऊसाहेबांनी कशी घेतली, तेही बघावं लागेल.”

तो दुष्ट नव्हता. त्याच्याकडे झाडांचेच रकाने होते. जैबुन अकरा दिवस त्याच्या ढोलीसमोर येत राहिली. रोज तो झाड विचारी, रोज ती कमान सांगे. बाराव्या दिवशी तिच्याबरोबर यमुनाकाकू आली. ही म्हातारी चिमणी पुलाच्या टोकाच्या बाभळीवर एकटी राहत असे. तिने पिंगळ्याला सांगितले, की बाभळीच्या अर्ध्या फांद्या मोकळ्याच आहेत, तर आधीची दोनशे आणि ही एकशे चाळीस, सगळी नावे तिथेच लिहावीत.

“काकू, उद्या कोणी विचारलं तर?” पिंगळ्याने विचारले.

“तर मी सांगेन की माझी माणसं आहेत. पहाटे यांचा गलका झाला की मला दिवस उजाडल्याचं कळतं. डोळ्यांनी आता दिसत नाही.”

पिंगळ्याने नावे लिहिली. दुपारपर्यंत लिहीत होता.

एकशे चाळीस नवी नावे लागल्याची बातमी मंजुळाताईपर्यंत पोचली आणि ती स्वतः कमानीत आली. तिने जैबुनचे फार कौतुक केले. असे काम आपल्या कोणत्याही कार्यकर्त्याने केले नाही, असे म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने दुसरी गोष्ट काढली. परवा पिंपळाखाली मोठी सभा होती. पाकोळ्यांनी त्या दिवशी कमानीतच थांबावे. एवढा थवा सभेवरून गेला, तर चिमण्या आणि साळुंक्या वर बघतील, आणि ससाण्याची माणसे लगेच म्हणतील की बगळा कुणाचा आहे ते पाहा. पाकोळ्यांच्या बिया धवलरावांच्या आहेत, हे सर्वांना ठाऊकच होते. ते दाखवायची गरज नव्हती.

“आमचं तुमच्यावर मन आहे,” ती म्हणाली. “फक्त दिसायला नको.”

ती गेल्यावर कमानीत वाद झाला. तरुण पाकोळ्यांचे म्हणणे, की बी टाकायलाच जाऊ नये. ज्याला आपण दिसायला नको त्याला आपली बी तरी का हवी. कादरचाचाचे म्हणणे वेगळे होते. त्याने चार कारभारी पाहिले होते. बगळा आला तर काठ मिळेल न मिळेल, पण कमान तरी राहील. ससाणा परत आला तर पुढचा हुकूम कमानीचाच निघेल. परवाचा एक दिवस आत बसून काढला तर काय जाते?

“चाचा, मी जाते,” जैबुन म्हणाली. “थवा नको म्हणाल्यात. मी एकटी आहे.”

“तू विचारशील आणि तो चिडला तर?”

“चिडला तर आत्ताच कळेल. नंतर कळून काय करायचं?”

कादरचाचाने तिला जाऊ नको असे म्हटले नाही, एवढेच.

सभेच्या दिवशी पिंपळाच्या फांद्या भरल्या होत्या. धवलराव पाण्याबद्दल, दाण्याबद्दल, वादळात पडलेल्या घरट्यांबद्दल बोलला. वादळ कोणते, पडलेली घरटी कुणाची, हे त्याने सांगितले नाही. बोलणे संपत आले तेव्हा जैबुन खाली उतरली. पाकोळीचे पाय जमिनीवर चालायचे नसतात. ती दोन पावले चालली, कोलमडली, पुन्हा उठली, आणि सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने विचारले, की उत्तरेचा काठ झाड नसलेल्यांना खुला होणार का.

धवलरावाची मान आखडली. मंजुळाताई दुसरीकडे बघू लागली.

“या प्रश्नावर आपण निवांत बोलू,” तो म्हणाला.

“निवांत आपण बोललो आहोत. तुम्ही आमच्याकडे आला होतात. इथं सांगा.”

मागून ससाण्याच्या माणसांनी शीळ घातली. कुणीतरी ओरडले, की हिला विचारा ही कुठली. जैबुन तिथेच उभी राहिली. उडून जावे असे तिला फार वाटत होते. तेवढ्यात खालच्या फांदीवरून यमुनाकाकूचा आवाज आला. ती म्हणाली, की तिची बाभूळ उत्तरेलाच आहे, पण पहारा बसल्यापासून टिटव्या तिलाही हटकतात, कारण तिला दिसत नाही आणि झाड कोणते ते पटकन सांगता येत नाही. तेव्हा उत्तर तिलाही ऐकायचे होते.

आणखी दोन चिमण्या म्हणाल्या, की त्यांनाही ऐकायचे आहे.

“काठ खुला होईल,” धवलराव म्हणाला.

“ऐकू आलं नाही,” यमुनाकाकू म्हणाली.

“काठ सर्वांना खुला होईल,” तो मोठ्याने म्हणाला. साळुंक्यांचा एक गट उठून गेला. बाकीच्या बसून राहिल्या.

निवडणुकीच्या दिवशी तीनशे चाळीस पाकोळ्या सकाळपासून रांगेत होत्या. जाऊ नये म्हणणाऱ्या तरुणही आल्या. पिंगळा नाव वाचून बाभूळ म्हणे, आणि पाकोळी पुढे जाई. संध्याकाळी बिया मोजल्या तेव्हा धवलराव नव्वद बियांनी निवडून आला. जैबुनच्या प्रश्नाने त्याच्या बिया वाढल्या की घटल्या, यावर पिंपळावर अनेक दिवस चर्चा चालली. काहीजण म्हणाले, ती बोलली नसती तर तो तीनशेने आला असता. तिच्याशी मात्र या विषयावर कुणी बोलले नाही.

नव्या कारभाऱ्याने तळ्याच्या स्थिर पाण्यात उभे राहायचे, पाण्यातले आपले तोंड सर्वांदेखत पाहायचे आणि मग पहिला हुकूम सांगायचा, असा शपथेचा रिवाज होता. आदल्या संध्याकाळी मंजुळाताई पुन्हा कमानीत आली. तिने आभार मानले. काठाचे काम यादीत आहे, असे सांगितले. पण नव्वदच बियांचा फरक आहे, वातावरण नाजूक आहे, तेव्हा पहिला हुकूम दाण्याचा असेल. काठाचे दोन-तीन पावसाळ्यांत पाहू. आणि उद्याचा दिवस पाकोळ्यांनी आतच थांबावे.

जैबुन बोलणार होती. पण कादरचाचा आधी बोलला.

“मंजुळाताई, उद्या आम्हाला माती आणायची आहे,” तो म्हणाला. “घरटी अर्धी झाली आहेत. उत्तरेच्या काठावर जायचं तर वाट तळ्यावरूनच आहे.”

मंजुळाताईने त्याच्याकडे पाहिले, जैबुनकडे पाहिले, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या चारी काठांवर पाखरे जमली. वारा नव्हता. धवलराव पाण्यात उतरला, एक पाय वर घेतला, मान लांब केली आणि खाली पाहिले. रिवाजाप्रमाणे काठावरच्या सगळ्यांनीही माना वाकवून पाण्यात पाहिले, कारभाऱ्याचे तोंड दिसावे म्हणून.

पाण्यात पांढरी मान दिसली. तिच्या मागून, वरून, दोन्ही बाजूंनी तीनशे चाळीस पाकोळ्या जात होत्या. सर्वांत पुढे म्हातारा कादरचाचा होता. उत्तरेच्या काठावरच्या टिटव्यांनी खुणेसाठी कारभाऱ्याकडे पाहिले.

धवलराव खाली बघत राहिला. पाणी निवळण्याची तो वाट पाहत होता.

पाणी निवळलेलेच होते.