मोज्यातल्या सुऱ्या

"उद्या दुपारी लॅकलन सरदार बारा माणसं घेऊन जेवायला येतोय," टॉर्किल सरदार आपल्या माणसांना म्हणाला. "त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या कोटाखाली सुरी आहे, ते मला बोलणी सुरू व्हायच्या आत कळलं पाहिजे. पण अंगाला हात लावायचा नाही आणि विचारायचंही नाही. पाहुण्यांची झडती घेतली, असं म्हणायला त्याला जागा नको."

स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या या दोन कुळांचं एका कुरणावरून तीन वर्षं हाडवैर चाललं होतं. आता कुठे तहाची वेळ आली होती. तलवारी आणि लांब खंजीर पाहुणे दाराशीच ठेवणार, तसा रिवाजच होता. पण काळ्या मुठीची वीतभर सुरी काखेत दडवून कोण आत शिरेल, याचा नेम नव्हता. बोलण्याच्या भरात तशी एक जरी सुरी बाहेर आली, तर तह राहील बाजूलाच.

सगळे डोकी जुळवून खल करू लागले. तेवढ्यात ताटं उचलणाऱ्या मार्सलीला हसू फुटलं. ही एका मेंढपाळाची मुलगी, सरदाराच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिचे दोन भाऊ उद्या त्याच पंगतीला बसणार होते.

"हसायला काय झालं?" सरदार गुरकावला.

"काही नाही, मालक. एवढ्याशा कामाला एवढी माणसं बसलीत, म्हणून हसले."

"असं? मग तूच कर. नाही जमलं तर अख्खा हिवाळा डोंगरावर मेंढ्या राखायच्या."

"राखीन. पण जेवण मी माझ्या मनासारखं वाढणार. मध्ये कुणी बोलायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"कबूल. माझी तर काळजीच नको. उद्या मीही जवळ शस्त्र ठेवणार नाही, असा लॅकलनला निरोप गेलाय माझा."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. चौकटींचे घागऱ्यासारखे किल्ट, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, आणि शेकोटी धडधडत असूनही गळ्यापर्यंत बटणं लावलेले कोट! मार्सलीनं मेंढ्याच्या अख्ख्या भाजलेल्या तंगड्या आणून ठेवल्या, चाकाएवढं चीज ठेवलं, दगडासारखे पाव ठेवले आणि हात बांधून भिंतीशी उभी राहिली. टेबलावर सुरी एकही नव्हती.

लॅकलन पहाटेपासून उपाशीपोटी घोड्यावर होता. त्यानं तंगडी फिरवून पाहिली. चीजवर बोटानं टकटक केलं.

"पोरी, हे खायचं कसं?"

"जमेल तसं, सरदार. चीज मात्र वर्षभर मुरलंय. दातांना दाद देत नाही."

मांसाचा खमंग वास दरवळत होता. लॅकलननं थोडा वेळ तग धरला. मग एक उसासा टाकून त्यानं कोटाची बटणं सोडली आणि काखेतून सुरी काढली. त्याचं पाहून शेजाऱ्यानं काढली, मग त्याच्या शेजाऱ्यानं. समोर टॉर्किलच्या माणसांच्याही कोटांतून सुऱ्या निघाल्या. मार्सलीच्या थोरल्या भावानंही काढली, तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मान खाली घालून चीज कापू लागला.

टॉर्किल तेवढा मांडीवर हात ठेवून बसला होता.

"तुला भूक नाही का रे?" लॅकलननं भरल्या तोंडानं विचारलं.

टॉर्किल तंगडीकडे बघत राहिला. ती निवत चालली होती. शेवटी त्याचे कान लालबुंद झाले आणि हात कोटात गेला.

आता सगळ्यांच्या हातांत उघडी पाती होती. जो तो समोरच्याचं पातं निरखू लागला. मार्सली तडक पुढे झाली.

"तेलकट हातांनी सुरी परत कोटात घालू नका, अस्तर खराब होईल. मोज्यात खोचा. पुढचा तुकडा कापायला हाताशी राहील, आणि समोरच्याला दिसतही राहील."

लॅकलननं सुरी म्यान करून मोज्यात खोचली. मूठ तेवढी वर राहिली. टॉर्किलनंही तेच केलं, मग बाकीच्यांनी. लपवायचं काही उरलं नाही तशा जिभा सैल झाल्या, आणि चीज संपायच्या आत कुरणाची वाटणी ठरलीसुद्धा.

उठताना लॅकलननं मार्सलीला हाक मारली. "खरं सांग पोरी, आमच्या सुऱ्या काढायला तुला सांगितलं कुणी?"

"मी कुठे काढल्या, सरदार? मी फक्त आमच्या दिल्या नाहीत."

टॉर्किल आधी हसला. इतका, की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. "जा," तो डोळे पुसत म्हणाला, "माझ्या गोठ्यातली हवी ती गाय घेऊन जा."

मार्सलीनं नेमकी त्याची लाडकी तांबडी गाय सोडली. टॉर्किलचं हसू जरा आवरलं. लॅकलन मात्र घोड्यावर बसेपर्यंत हसतच होता.