जसिंताचे चाळीस तांबे

समुद्राजवळच्या एका गावात, केळीच्या बागांच्या मागे, जसिंता नावाची नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर राहत होती. बाबा देवाघरी गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या विहिरीत खारं पाणी शिरलं. मोगरा सुकला, अबोली सुकली, आणि शेवटी बाबांनी हाताने लावलेला सोनचाफाही वाळला. त्याचीच फुलं विकून दोघींची चूल पेटायची. आता घरात नुसती पेज असायची, तीही पातळ.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी दोघी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून परतल्या, तेव्हा आई म्हणाली, "ईस्टर झाला की सोमवारी सांतानमामा येईल झाड तोडायला. सरपण तरी होईल." एवढं बोलून ती घाईने आत गेली. जसिंता झाडापाशीच बसली आणि पोटभर रडली.

तेवढ्यात वाळक्या फांदीवर काहीतरी चमचमलं. करंगळीएवढी परी तिथे बसली होती! इवले इवले पंख काजव्यासारखे लुकलुकत होते. अंगात जांभळा झगा होता, उपवासकाळात फादर घालतात अगदी त्याच रंगाचा.

"तू देवदूत आहेस?" जसिंताने विचारलं.

"नाही गं बाई, एवढं मोठं काम मला कोण देणार? मी या बागेची परी. देवाचीच, पण लहानशी. बोल, तुझी एक इच्छा सांग."

जसिंताला नवा फ्रॉक हवा होता. गूळ तर रोजच हवा होता. तरी ती म्हणाली, "बाबांचा चाफा जगू दे."

"जगेल. पण नियम आहे हं. उपवासकाळाचे चाळीस दिवस, तुझ्या वाट्याच्या गोड्या पाण्यातला एक तांब्या रोज झाडाला घालायचा. एकही दिवस चुकवायचा नाही, आणि कुणाला सांगायचं नाही."

गोडं पाणी चर्चच्या विहिरीवरून डोक्यावर आणावं लागे. जसिंताला प्यायला दिवसाचे दोनच तांबे मिळत. त्यातला एक ती झाडाला घालू लागली आणि रोज एक चिंचोका करवंटीत टाकू लागली. ऊन वाढलं, तिचे ओठ फुटले. चर्चमध्ये मूर्तींवर जांभळी कापडं चढली. उपवासकाळ म्हणून वेदीवर एकही फूल नव्हतं, आणि जसिंताच्या झाडावरही नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चाळिसावा चिंचोका पडला. हातात आशीर्वादाची झावळी घेऊन ती धावत बागेत आली. झाड होतं तसंच वाळकं होतं. ती संध्याकाळपर्यंत बसली, हाका मारल्या, पण परी आली नाही. "खोटारडी," जसिंता म्हणाली, आणि तिला फार वाईट वाटलं.

सोमवारी दोन्ही तांबे आपणच प्यायचे, असं तिने ठरवलं. पहिला प्यायली. दुसरा ओठाला लावला आणि तिची नजर झाडाकडे गेली. झाडाने काय केलंय? वचन परीने दिलं होतं. झाडाला तर नुसती तहान लागलीय. तिने पाणी बुंध्याशी ओतलं. मंगळवारी ओतलं, बुधवारी ओतलं, गुरुवारीही ओतलं. आता ती चिंचोके टाकायचंही विसरली.

शुभ शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची मिरवणूक चालून ती परतली, तेव्हा घसा नुसता कोरडा पडला होता. क्रूसावर प्रभूलाही तहान लागली होती, असं फादरांनी सांगितलं होतं. त्या दिवशी तिने झाडाला दोन्ही तांबे दिले. शनिवारी एक दिला.

ईस्टरच्या रविवारी पहाटे, गुरुवारपासून गप्प असलेली चर्चची घंटा घणघणली. जसिंता बागेत धावली. सोनचाफा पिवळ्याधमक फुलांनी डवरला होता! फांदीवर परी बसली होती, शुभ्र पांढऱ्या झग्यात.

"तू चाळीस दिवस म्हणाली होतीस," जसिंता म्हणाली.

"चाळीसच झाले, राणी. उपवासकाळात रविवार धरत नाहीत, तो प्रभूच्या आनंदाचा दिवस. तू ते सहा रविवारही मोजलेस. मग आशा संपल्यावरही पाणी का घातलंस?"

"त्याला तहान लागली होती."

परीने तिच्या फुटलेल्या ओठांना हात लावला, आणि ते लगेच बरे झाले. "रविवारचं पाणी मोजलं नाही, पण वाया कसं जाईल? खाली बघ."

बुंध्याभोवती हिरवीगार, चिमुकली सहा रोपं उभी होती. जसिंताने मान वर केली, तोवर सोनेरी उजेड फुलाफुलांवर सांडला आणि परी त्यात दिसेनाशी झाली.

मागे आई उभी होती. बाबांच्या झाडाचं पहिलं फूल तिने खुडलं आणि लेकीचा हात धरून चर्चमध्ये जाऊन ते वेदीवर वाहिलं. परत येताना ती रडत होती, आणि हसतही होती.

सोमवारी सांतानमामा कुऱ्हाड घेऊन आला. फुललेलं झाड त्याने डोळे भरून पाहिलं. मग कुऱ्हाड परत घरी ठेवून आला आणि सहा रोपांसाठी कुदळ घेऊन आला.