सर्वांत लांब रांग

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात गुरुकुलांची दारं तीन वर्षांतून एकदाच उघडत, तीही एकच दिवस. सूर्य बुडाला की दार बंद. राहिला तो राहिला.

त्या दिवशी एक कोष्टी मुलीला घेऊन सकाळीच राजधानीत आला. मुलगी हुशार. गल्लीतली भांडणं बसल्या जागी मिटवायची. पण चांदणी कुठली आणि ग्रह कुठला, हे तिला कधी कळलं नाही.

कोष्ट्याने सर्वांत लांब रांग शोधली आणि तिच्या शेवटी मुलीला उभं केलं.

"आबा, ही रांग कसली?"

"नक्षत्रविद्येची."

"मला न्यायशास्त्र शिकायचंय. ते समोर, चिंचेखाली. तिथं कुणीच नाही."

"म्हणूनच नको. भावकी तोंडात शेण घालेल."

तेवढ्यात पुढे भांडण पेटलं. जागा धरायला लोक आदल्या दिवसापासून चपला ठेवून गेले होते. एकाच जागेवर दोन चपला निघाल्या आणि दोन धनी एकमेकांच्या अंगावर गेले.

मुलीने दोन्ही चपला उचलल्या. "हिच्याखालची माती कोरडी, हिच्याखालची दवाने ओली. कोरडीवाले दव पडायच्या आधी आले. ओलीवाले काका, तुम्ही मागे व्हा."

काका निमूट मागे झाले.

चिंचेखाली बाजेवर एक म्हातारी बसली होती. न्यायशास्त्र तीच शिकवी. तिने मुलीला हाक मारली.

"पोरी, त्या दोघांत श्रीमंत कोण होता?"

"ते नाही पाहिलं. माती पाहिली."

"घेतलं तुला. जा, हातपाय धू."

कोष्टी रांगेतूनच म्हणाला, "बाई, तुमच्याकडे रांग का नाही?"

"मी एकच प्रश्न विचारते. रांग लागायला वेळच मिळत नाही."

"मग ही एवढी लांब का?"

"त्या गुरुजींना ऐकू कमी येतं. सगळं तीनदा सांगावं लागतं."

कोष्ट्याला ते पटलं नाही. "पोरी, मुकाट्याने परत ये."

"आबा, शिकायचं मला आहे," मुलगी म्हणाली आणि आत गेली.

"येईल ताळ्यावर. तोवर जागा धरतो," असं म्हणून बाप उभाच राहिला. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं, मुलगी काही आली नाही. सूर्य बुडता बुडता कोष्टी दारापाशी पोचला.

"शिकणार कोण?" गुरुजींनी विचारलं.

मागे शंभर माणसं बघत होती. दिवसभर उभं राहून रिकामं फिरायचं? कोष्ट्याने मान ताठ केली.

"मीच," तो म्हणाला. तीनदा म्हणाला.

तीन वर्षांनी मुलगी पंचक्रोशीचे तंटे सोडवू लागली. पहिली फिर्याद तिच्या आईचीच आली. "घरचा माग बंद पडलाय आणि धनी चांदण्या मोजतोय. अजून ध्रुव सापडला नाही, म्हणून गुरुजी आणखी तीन वर्षं ठेवून घेतायत."

मुलीने निकाल दिला, कोष्ट्याने उद्यापासून मागावर बसावं.

त्या कोष्ट्याने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. हा निकाल मात्र त्याने उभ्या उभ्या मानला.

तात्पर्य: गर्दी पाहून विद्यापीठ निवडू नये, आपला गुण आणि आपली इच्छा पाहून निवडावं.